घरी विचारलं का?

नावं गेल्याचं उघड झालं तो दिवस चैत्रातला होता, आणि शंभूराजला ते कळलं चहाच्या गाड्यावर.

बारामतीच्या स्टँडसमोर, एका बियाण्याच्या दुकानावर, दोन खोल्यांचं कॉम्प्युटरचं ऑफिस होतं. सन शहाण्णव. आसपासच्या सहकारी संस्था तेव्हा नुकत्याच कॉम्प्युटर घेऊ लागल्या होत्या आणि त्यांचे प्रोग्राम या ऑफिसात लिहिले जायचे. शंभूराज ते लिहायचा. मूळचा सांगवीचा, वय तिशीच्या आसपास, बोलणं मोजकं. बायको रतन दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली, तेव्हापासून तेही आणखी कमी झालं होतं. दुपारी वरचा पंखा गरम हवा फेकायला लागला की तो खाली उतरायचा, लिंबाच्या सावलीत गाड्यापाशी उभा राहायचा. लिंब फुलला होता. बारीक पांढरी फुलं चहात पडायची, ती बोटानं काढत तो चहा प्यायचा.

इंदापूरच्या गाडीतून दोघी उतरल्या. एक पन्नाशी ओलांडलेली, हिरव्या लुगड्यातली, पायात जाड वहाणा. दुसरी तरुण. तिच्या हातात गुंडाळी केलेला कागद होता, कडेला भोकं असलेला, कॉम्प्युटरच्या प्रिंटरमधून निघतो तसला. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि नेमकं शंभूराजलाच विचारलं, कॉम्प्युटरचं ऑफिस कुठंय म्हणून.

"वर आहे. कुणाला भेटायचंय?"

"नाव माहीत नाही," ती म्हणाली. "ज्यानं माझ्या आबांना मारलं, त्याला."

शंभूराजनं चहातलं फूल काढता काढता वर पाहिलं.

"मारलं न्हाय गं, पुसलं म्हन," म्हातारी म्हणाली. "माझा भाऊ चांगला जित्ता हाय. कोकणात मेंढरं चारतोय."

मग गाड्याच्या बाकावर बसून तिनंच सगळं सांगितलं. तिचं नाव कुशाबाई, राहणार लोणी देवकर. ही तिची भाची सुकन्या. भाऊ सोनबा आणि भावजय दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरले होते. दुबळी, चालू न शकणारी मेंढरं तेवढी घरी ठेवली होती. त्यांना पोटातल्या किड्यांचं औषध पाहिजे म्हणून कुशाबाई इंदापूरच्या मेंढपाळ संस्थेत गेली. सुकन्या तिथं महिन्यापूर्वीच कॉम्प्युटरवर लागली होती. तिनं मोठ्या तोऱ्यात आबांचा सभासद नंबर टाकला, आणि पडद्यावर उत्तर आलं की असा कुणी सभासद नाही. शेजाऱ्यांचा टाकला. नाही. पलीकडच्या वाडीतल्यांचे टाकले. तेही नाहीत. जे जे कोकणात, मावळात, परमुलखात गेले होते, त्यांच्यातलं एकही नाव उरलं नव्हतं.

शंभूराज ऐकत होता. ऐकता ऐकता त्याला आपली चूक दिसली.

आदल्या वर्षी त्यानं एका दूध संस्थेसाठी एक छोटा पुरवणी प्रोग्राम लिहिला होता. मुख्य प्रोग्रामला तो बाहेरून जोडायचा आणि चालवायचा. चार महिने ज्यानं दूध घातलं नाही, त्याचं नाव तो काढून टाकायचा. दूध संस्थेला ते बरोबर होतं. चार महिने दूध नाही म्हणजे माणसानं जनावर तरी विकलं, नाहीतर संस्था तरी सोडली. मार्चअखेरीला मेंढपाळ संस्थेचे सेक्रेटरी विजयसिंह यांचा फोन आला की कॉम्प्युटर भरलाय, जुनी नावं काढा. शंभूराजनं तीच पुरवणी नेऊन तिथं जोडली आणि एक बटण दाबलं. चार महिने ज्यांची नोंद नाही ते गेले. पण मेंढरं दुधासारखी रोज दारात येत नाहीत. ती चालत जातात आणि आषाढात परत येतात.

त्याचे आजोबा असेच जायचे. आता सांगवीला पाटाचं पाणी होतं, ऊस होता, मेंढरू एकही नव्हतं. दोन पिढ्यांत घर ते विसरलं होतं.

"तो माणूस सापडला तर त्याला काय म्हणणार होता तुम्ही?" त्यानं विचारलं.

"ते ठरवत ठरवतच आलेय सगळी वाट. भिगवणच्या फाट्यापर्यंत शिव्या ठरल्या होत्या. पुढं झोप लागली," सुकन्या म्हणाली.

"मग म्हणा. तो मीच."

सुकन्यानं त्याच्याकडं पाहिलं. डोळे तांबारलेले, केसांवर प्रवासाची धूळ. मग त्याच्या हातातल्या कपाकडं बोट दाखवून म्हणाली,

"आधी तो चहा संपवा. गार झालेल्या चहावर भांडण रंगत नाही."

वर जाऊन त्यानं सगळं तपासलं. कॉम्प्युटरमधून नाव दोन पायऱ्यांनी जातं. आधी त्या नावावर नुसती खूण होते. ते दिसेनासं होतं, पण आत असतं, परत बोलावलं तर येतं. नंतर 'पॅक' असा हुकूम दिला की खूण केलेलं सगळं कायमचं जातं आणि जागा मोकळी होते. शंभूराजनं घाईच्या कामात दोन्ही पायऱ्या एकाच बटणाला बांधल्या होत्या. फ्लॉपीवर नक्कल होती, पण एकच, आणि सेक्रेटरींनी एप्रिलमध्ये तिच्यावरच नवी नक्कल घेतली होती. त्यानं दोन्ही खोल्यांतल्या सगळ्या फ्लॉप्या लावून पाहिल्या. संध्याकाळी तो खाली आला तेव्हा दोघी पायरीवर बसून शेंगा खात होत्या.

"नाहीत," तो म्हणाला. "माझ्यामुळं गेली. मीच परत भरीन."

"कुठनं भरणार?" सुकन्यानं विचारलं.

उत्तर कुशाबाईनं दिलं. "कुठनं म्हंजे? घरोघर जाऊन. म्हातारी माणसं, शाळंतली पोरं हितंच हायत की. इचारलं की सांगत्यात."

घाई होती आणि त्या घाईला कारणही होतं. कळप परततात त्याच सुमारास नवं गवत उगवतं. ते कोवळं गवत पोटात गेलं की चांगली तगडी मेंढरं उभ्या उभ्या पडतात. त्याआधी टोचायची लस संस्था मागवायची आणि ती कॉम्प्युटरमधल्या नावांवरच यायची. विजयसिंहांनी शंभूराजला समोर उभं करून शांतपणे एवढंच सांगितलं की आषाढाच्या आत नावं पाहिजेत.

मग आठवड्यातून तीन-चार दिवस शंभूराज सकाळच्या गाडीनं इंदापूरला जाऊ लागला. सुकन्याला संस्थेनं कामासाठी मोकळं केलं होतं आणि कुशाबाई स्वतःहून आली होती. लोक ओळखीचे माझ्या, हे तिनं कारण दिलं. दुसरं कारण तिनं पहिल्याच दिवशी फाट्यावर उतरताना सांगून टाकलं.

"शंभूराव, तुमी बिनबायकूचं. ही बिनलग्नाची. लोकं मेंढरापरीस कळपानं बोलत्यात. म्हनून मी."

"आत्या," सुकन्या दातांतल्या दातांत म्हणाली.

"आत्या काय आत्या? चाल म्होरं."

वैशाखाचं ऊन माळावर पांढरं पडलेलं असायचं. बाभळीच्या बारक्या सावल्या. कुशाबाई पुढं, वहाणा वाजवत; मागं ही दोघं, मध्ये एका माणसाइतकं अंतर ठेवून. ते अंतर मोजून कुणीच ठेवलेलं नव्हतं, पण सुकन्या चिंच वेचायला वाकली की ते कमी व्हायचं आणि शंभूराज थांबून ते पुन्हा वाढवायचा. एकदा तिनं विचारलंच.

"मी चावते का?"

"नाही."

"मग इतके लांबनं का चालता?"

"सवय गेलीय," तो म्हणाला. "कुणाबरोबर चालायची."

तेव्हापासून तीच सावकाश चालायला लागली.

घरोघर तीच विचारपूस. मालक कुठं, कळप केवढा, मेंढरांच्या कानाला खूण कशी. प्रत्येक घराच्या कळपाची कानखूण वेगळी असते. कुणाची डाव्या कानाला खाच, कुणाची उजव्याचं टोक उडवलेलं. म्हातारी माणसं ती हवेत बोटानं काढून दाखवायची आणि शंभूराज लिहून घ्यायचा. लोक त्याला रागावत नव्हते, याचंच त्याला जड वाटायचं. ताक पुढं यायचं, भाकरी खाऊन जा म्हणायचे. एका घरी एका आजीनं त्याला जवळ बसवून विचारलं होतं की बाबा, पुसलेलं नाव परत लिहिलं की माणसाला काही होत नाही ना? तो म्हणाला, नाही. त्या दिवशी परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेरच बघत होता.

लोणी देवकरला भिमा नावाचा म्हातारा होता. त्यानं कळप विकून टाकला होता. मुलगा नव्या कारखान्यात लागला होता, गणवेश घालून कामावर जायचा, मेंढरांमागं फिरणारं आता घरात कुणी नव्हतं. त्यानं स्वतःच सांगितलं की माझं नाव भरू नका, खरंच काढा. शंभूराजनं कागदावर तसं लिहिलं. तिघं उठले, अंगण ओलांडलं, तेवढ्यात भिमाची बायको दारात आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"ऱ्हाऊ द्या नाव," ती म्हणाली. "आशाडापर्यंत तरी. कळप माघारी येतील. ते बघितलं की ह्येंचं मन फिरंल. न्हाय फिरलं तर मग काढा."

भिमा खाली मान घालून बसला होता. तो नाही म्हणाला नाही.

वाटेत शंभूराज एकदम थांबला. "असंच पाहिजे," तो म्हणाला. "प्रोग्राममध्ये. आधी नुसती खूण करायची. मग घरी विचारायचं. मग थांबायचं. कळप येईपर्यंत थांबायचं. आणि मगच काढायचं."

"एवढं कळायला म्हातारीच्या दारात यावं लागलं व्हय?" कुशाबाई पुढून म्हणाली.

"काहींना यावं लागतं," सुकन्या म्हणाली, आणि शंभूराजकडं बघून हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं की वाट अजून थोडी लांब असती तरी चाललं असतं.

पुरवणी त्यानं पुन्हा पहिल्यापासून लिहिली. आता ती आधी दोन नकला मागायची, एक इंदापूरला ठेवायची आणि एक बारामतीला. दोन्ही घेतल्याशिवाय पुढं सरकायचीच नाही. मग जुन्या नावांवर नुसत्या खुणा करायची. आणि त्यातलं कुठलंही नाव कायमचं काढायला गेलं की त्या प्रत्येक नावाला थांबून विचारायची. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्य उमटायचं: घरी विचारलं का? खाली होय आणि नाही. नाही दाबलं की नाव जिथल्या तिथं राहायचं.

ती पुरवणी जोडायला तो इंदापूरला गेला तेव्हा ज्येष्ठ लागत आला होता. दुपारची वेळ, सेक्रेटरी जेवायला गेलेले, कुशाबाई बाहेर ओट्यावर डोकं टेकून पेंगत होती. सुकन्या कॉम्प्युटरसमोर बसली, तो खुर्चीमागं उभा राहिला. तिच्या केसांत कण्हेरीचं फूल होतं. ती एकेक नाव घेऊन बघत होती. घरी विचारलं का? नाही. घरी विचारलं का? नाही. दर वेळी नाव तसंच राहत होतं आणि दर वेळी ती खूश होत होती.

"चालतोय तुमचा प्रोग्राम," ती म्हणाली. "आता भांडायला काही उरलं नाही. उद्यापासून बारामतीतच बसा."

"सुकन्या…"

तिनं मान वळवली नाही. नुसते हात थांबले.

"एक विचारायचंय."

"प्रोग्रामचं?"

"नाही." पंखा कुरकुरत होता. "मला लांब लांब बोलता येत नाही. माझ्याशी लग्न करशील?"

तो तिच्याशी एकेरीत पहिल्यांदाच बोलला होता. ती पडद्याकडंच बघत होती. मग हळूच तिथलंच वाक्य वाचल्यासारखं म्हणाली,

"घरी विचारलं का?"

"आई तर कधीची मागं लागलीय. वडीलही नाही म्हणायचे नाहीत."

"त्या घरचं नाही विचारलं मी." आता ती वळली. "रतनताईंचा टाक बसवलाय?"

शंभूराजनं हातातली फ्लॉपी टेबलावर ठेवली.

गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक, म्हणजे हाताच्या अंगठ्याएवढ्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती, करून देव्हाऱ्यात बसवायची रीत दोघांच्याही घरात होती. गेलेलं माणूस मग घरातला देव होतं. आणि पुरुषानं दुसरं लग्न केलं, तर नवी येते ती पहिलीच्या टाकाला हळदकुंकू लावून, तिला सांगून, आणि पहिलीच्या आईला आई म्हणते. रतनचा टाक शंभूराजच्या वडिलांनी बाराव्याच्या दिवशीच बारामतीच्या सोनाराकडं करायला टाकला होता. तो कधीच तयार झाला होता. सोनारानं निरोप धाडले, मग तेही बंद केले. शंभूराज त्या गल्लीनं जायचंच टाळायचा.

"आणलाच नाही," तो शेवटी म्हणाला. "आणला की ती देव्हाऱ्यात जाईल. मग घरात नसेल."

सुकन्याचे डोळे भरले, पण आवाज सरळ होता. "आमच्या आबांचं नाव तुम्ही न विचारता काढलंत. आणि तिच्या नावावर नुसती खूण करायलासुद्धा तयार नाही. दोन्हीकडं विचारायचंच राहिलंय. मला तिच्या माघारी चोरपावलानं नाही यायचं. ती आत बसलेली असू दे. मी दारातनं येईन, तिला सांगून."

तो बाहेर पडला. पुढचा आठवडाभर इंदापूरला गेलाच नाही. सुधारणा केलेली फ्लॉपी त्यानं एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवून दिली. दोन दिवसांनी ऑफिसात फोन आला. सुकन्या होती.

"फ्लॉपी मिळाली. चालतेय." मग थोडं थांबून, "लिहिणारा चालतोय का?"

त्याला हसू आलं. "मंगळवारी येशील?" तो म्हणाला. "सोनाराकडं जायचंय. एकट्यानं होणार नाही."

ती आली, कुशाबाईला घेऊन. सोनारानं जास्त काही विचारलं नाही. आतल्या खणातून तांबड्या फडक्याची पुरचुंडी काढून समोर ठेवली. टाकावर एक बाई उभी होती, हातात करंडा, लुगड्याच्या निऱ्या चांदीत बारीक उठवलेल्या. शंभूराजनं तो तळहातावर घेतला.

"तिच्यासारखी दिसत नाही," तो म्हणाला.

"टाकात कुनीच आपल्यासारखं दिसत न्हाय, शंभूराव," सोनार म्हणाला. "ती आपन बघायची असती."

बाहेर आल्यावर सुकन्यानं विचारलं, "कशी होती?" आणि तो सांगायला लागला. स्टँडपर्यंतच्या वाटेवर, उन्हात, तो इतकं बोलला की कुशाबाई मागं राहिली. रतनला हसू आवरायचं नाही, मग ती पदराचं टोक दातांत धरायची. तिनं कॉम्प्युटर कधी पाहिला नव्हता. हा दिवसभर बोटांनी काम करतो एवढंच तिला माहीत, म्हणून संध्याकाळी त्याच्या बोटांना खोबरेल चोळायची, दमली असतील म्हणून. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. सुकन्या ऐकत होती आणि चालता चालता तिनं त्याच्या हाताची बोटं अगदी क्षणभर धरली. मग सोडून दिली.

"तिचं माहेर कुठलं?"

"नरसिंहपूर. आई आहे एकटी. द्वारकाबाई." त्यानं खाली पाहिलं. "तिचं बारावं झाल्यावर गेलोच नाही तिकडं."

"मग तिथनं सुरू करू," ती म्हणाली.

नरसिंहपूरला देवळापासून नदीकडं उतरणाऱ्या वाटेवर द्वारकाबाईंचं घर. खाली भीमा आणि नीरा एकमेकींना मिळतात. ज्येष्ठात पाणी आटलेलं होतं, वाळूचे पांढरे पट्टे दिसत होते. द्वारकाबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, जावयाला ओळखलं, आणि हातातली शेंग तशीच ठेवली.

"दोन वर्सं दाराकडं बघतीया मी, जावायबापू," त्या म्हणाल्या. "लेक गेली म्हनून जावाय बी गेला व्हय?"

शंभूराज त्यांच्या पायाशी बसला. त्यानं पुरचुंडी सोडून टाक त्यांच्या ओंजळीत ठेवला. द्वारकाबाईंनी तो डोळ्यांजवळ धरला, अंगठ्यानं निऱ्यांवरून, तोंडावरून फिरवलं. रडल्या नाहीत. बराच वेळ नुसत्या फिरवत राहिल्या. मग त्यांचं लक्ष दाराशी उभ्या सुकन्याकडं गेलं.

"ही कोन?"

"मी अजून कुणी नाही," सुकन्या म्हणाली. "विचारायला आलेय."

घरात कुठंतरी कोंबडी कुरकुरत होती. बरोबर आलेली कुशाबाई पदरानं वारा घेत होती. शेवटी द्वारकाबाई उठल्या, आतून कुंकवाचा करंडा आणला आणि सुकन्यापुढं धरला.

"लाव तिला," त्या म्हणाल्या. "आन मला आई म्हन. ती म्हनायची तसं, जोरात. मला कमी ऐकू येतं."

सुकन्यानं चिमटीनं कुंकू लावलं. "आई," ती म्हणाली. पहिल्यांदा हळू, मग जोरात.

त्यांनी जेवायला घातलं. निघताना शंभूराजनं टाकासाठी हात पुढं केला, तेव्हा द्वारकाबाईंनी तो पदराच्या गाठीत बांधला होता.

"हिला ऱ्हाऊ दे माझ्यापाशी थोडं. घरी आलीया लई दिसांनी. मेंढरं माघारी आली, नदीला पानी आलं की संगमावर न्हाऊ घालू. मग न्या तुमच्या देव्हाऱ्यात."

तो हो म्हणाला. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आषाढात कळप आले. माळावर धूळ आणि घंटांचा आवाज, कुत्री, घोड्यांवर लादलेली बिऱ्हाडं. नावं सगळी जागेवर होती, लस आली होती. संस्थेच्या आवारात सोनबानं आपला नंबर सांगितला, सुकन्यानं तो टाकला आणि पडद्यावर आबांचं नाव उमटलं. सोनबा उंच, उन्हानं काळवंडलेला माणूस. त्यानं पडद्याकडं पाहिलं, मग शेजारी उभ्या शंभूराजकडं.

"ह्योच का पुसनारा?"

"व्हय," कुशाबाई म्हणाली. "आन लिवनारा बी ह्योच."

सोनबानं सगळं, लग्नाचंही, ऐकून घेतलं. मुलगी मेंढरांमागं जाणार नाही म्हणाली तेव्हाही त्यानं तिला शिकू दिलं होतं. आताही त्यानं होकारार्थी मान डोलावली. एकच म्हणाला, की टाक घरात बसू द्या. बसला की दुसऱ्या दिवशी मांडव घालू.

भिमा रोज संध्याकाळी कळप बघायला माळावर यायचा. त्याच्या नावावर खूण आहे. ते अजून काढलेलं नाही.

श्रावणात दोघं टाक आणायला नरसिंहपूरला गेली. नदी दोन्ही काठ भरून चालली होती. द्वारकाबाईंनी टाक आपल्याच देव्हाऱ्यात ठेवला होता. त्याला लाल मण्यांची बारीक माळ ओवून घातली होती, पुढं वाटीत दूधसाखर होती. त्या स्वयंपाक करता करता टाकाशी बोलत होत्या. मीठ जास्त झालं का गं, असं काहीतरी. शंभूराज आणि सुकन्या जेवली, अंगणात बसली, ऊन उतरलं. शंभूराजनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी सुकन्यानंच त्याची बाही ओढली. दोघं निघाली. द्वारकाबाईंनी तिला लोणच्याची बरणी दिली आणि पुढच्या वेळी राहायला ये म्हणून बजावलं.

"टाकाचं विचारलं नाहीस," गाडीत तो म्हणाला.

"तुम्ही तरी कुठं विचारलंत?"

"लग्न लांबतंय त्यानं."

"लांबू दे." गाडीच्या अंधारात तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि या वेळी सोडला नाही. "दोन वर्षं तुम्हालाही कुणी घाई केली नव्हती. त्यांची तर आत्ता कुठं सुरू झालीत."

त्यानंतर ती दोघं आणखी जाऊन आली, कधी कुशाबाईसह, कधी तिला न सांगता. दर वेळी जेवण, दर वेळी लोणचं, दर वेळी "लेक आली गं" अशी आत टाकाला हाक. लग्नाचं सगळं ठरलं आहे. सांगवीच्या घरी खोली रंगवून झाली आहे, देव्हाऱ्यात जागा पुसून ठेवली आहे. दिवाळी झाली आणि कळप पुन्हा कोकणाकडं निघाले. जाताना सोनबा म्हणाला की पुढच्या आषाढात मी आलो की बघू, थांबायचं आम्हाला नवं नाही.

टाक अजून नरसिंहपूरला, द्वारकाबाईंपाशी आहे. तो मागायचा राहिला आहे.